प्रयोगशाळेत डासांची वसाहत कशी उभी राहते?

अक्कलकोटसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात हौद, रांजण, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस स्टिफेन्साय डासाची मादी अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. त्याला रोखायचे तर आधी त्याला पाळून अभ्यासावे लागते.

● सुरुवात : टाक्या-हौदांतून अळ्या, गोठ्या-घरांतून प्रौढ डास गोळा करतात. जात ओळखून प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवतात.

● हवामान : तापमान सुमारे २७ अंश सेल्सियस, आर्द्रता ७० ते ८० टक्के, १२ तास उजेड, १२ तास अंधार.

● आहार : अळ्यांना माशांचे खाद्य किंवा यीस्टची पूड, प्रौढांना साखरेचे पाणी. अंडी तयार होण्यासाठी मादीला रक्तही लागते. नर रक्त पीत नाहीत.

● वाढ : अंडी, अळीच्या चार अवस्था, कोष, मग डास. या सगळ्याला साधारण दहा-बारा दिवस लागतात.

● अडचण : स्टिफेन्साय छोट्या पिंजऱ्यातही जोडी जमवतो. पण ॲनॉफिलीस फ्लुविॲटिलिससारख्या इतर जातींची वसाहत टिकवणे अवघड जाते.

● सुरक्षितता : हिवतापाचे परजीवी मादीकडून अंड्यांत उतरत नाहीत. त्यामुळे वसाहतीत जन्मलेल्या डासांत हे परजीवी नसतात. तरीही दुहेरी दारे आणि जाळ्या हव्यातच.

● उपयोग : कोणते कीटकनाशक निष्प्रभ ठरते आहे, नवे औषध वा लस परजीवीचा प्रसार थांबवते का, हे याच डासांवर तपासतात. गावात कोणती फवारणी करायची, याचा निर्णय अशा चाचण्यांवर उभा असतो. म्हणून या वसाहती जपणे हे सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे.