वराहपिलांची हगवण : कारणे व ओळख

राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ मध्ये फेररचना झाल्यापासून वराहपालनाच्या उद्योगासही पन्नास टक्के भांडवली अनुदान उपलब्ध झाले आहे. होतकरू तरुण बँकेत प्रकल्प अहवाल सादर करतो, तेव्हा दर वेतामागे अमुक इतकी पिले त्याने हिशेबात धरलेली असतात. प्रत्यक्षात काही पिले आईच्या अंगाखाली चिरडतात आणि काही हगवणीने दगावतात. हगवण शिरली की एखादे वेत दोन दिवसांत साफ होते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

नवजात पिलू जेमतेम एक ते दीड किलो वजनाचे असते. त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. शिवाय डुकरिणीच्या वारेची रचना अशी आहे की, आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भास मिळत नाहीत. ती मिळतात केवळ चिकातून, आणि आतड्यांची ती शोषून घेण्याची शक्ती २४ ते ३६ तासांत संपते. शेवटी जन्मलेली, अशक्त पिले धट्ट्याकट्ट्या भावंडांच्या रेट्यात मागे पडतात. त्यांना उचलून सडाशी लावणारा गडी महागड्या औषधांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. पिलांच्या जागेत ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. गारठलेले पिलू नीट पीत नाही.

हगवण एकच दिसली तरी तिची कारणे अनेक असतात. पिलाचे वय हा त्यांच्या ओळखीचा पहिला धागा होय. पहिल्या तीनचार दिवसांतील पाण्यासारखी पिवळसर हगवण बहुधा ई. कोलाय जंतूंची असते. हे जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतात आणि शरीरातील पाणी आतड्यात खेचले जाते. माणसाच्या पटकीत घडते तसेच. पहिल्याच आठवड्यात रक्तमिश्रित हगवण होऊन पिले पटापट मरू लागली, तर क्लॉस्ट्रिडियम जंतूंचा संशय घ्यावा. येथे उपचारास सवडच मिळत नाही. गाभण मादीस लस देऊन चिकाद्वारे पिलांचे रक्षण करणे हाच मार्ग. पाच ते पंधरा दिवसांच्या पिलांतील पिवळी, लोण्यासारखी हगवण कॉक्सिडिया या परोपजीवीमुळे होते. तिच्यावर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत, तरीही ती सर्रास टोचली जातात. रोटा विषाणूचा उपद्रव साधारण पहिल्या महिन्यात आढळतो. दूध तोडल्यावर ई. कोलाय पुन्हा डोके वर काढतो.

लहानमोठी सर्वच जनावरे दोनतीन दिवसांत हगू लागली व ओकू लागली, तर प्रकरण गंभीर समजावे. अशा साथी कोरोना गटातील विषाणूंच्या असतात. त्यांपैकी एक रोग अमेरिकेत १९४६ मध्ये वर्णिला गेला, तर दुसरा इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये दिसला. हा दुसरा रोग २०१३ मध्ये अमेरिकेत शिरला आणि वर्षभरात लक्षावधी पिले गेली. आठवड्याच्या आतील पिलू त्यातून क्वचितच वाचते.

शाळेतील लिटमस कागद येथेही उपयोगी पडतो, हे शिक्षकांना रंजक वाटेल. ई. कोलायच्या हगवणीत विष्ठा बहुधा अल्कधर्मी असते. विषाणूंच्या हगवणीत दुधातील साखर न पचल्याने ती आम्लधर्मी होते. अर्थात हा अंदाज झाला, निदान नव्हे.

कारण कोणतेही असो, पिलू मरते ते प्रामुख्याने अंगातील पाणी व क्षार गेल्याने. म्हणून उथळ भांड्यात क्षारयुक्त पाणी ठेवणे हा पहिला उपाय. प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवण्याजोगे असल्याने खाद्य पशूंमधील त्याच्या वापरास केंद्र शासनाने २०१९ मध्ये बंदी घातली आहे.

विण्याची जागा प्रत्येक वेतानंतर रिकामी करून, धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्यावी. कॉक्सिडियाची बीजे साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यांना उष्णता व कोरडेपणा बाधतो. मेलेली पिले उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरली जातात की नाही, हे ग्रामपंचायतीने पाहावे. प्रयोगशाळेत पाठविण्यासाठी मात्र नुकतेच आजारी पडलेले, औषध न दिलेले पिलू निवडावे. मेलेल्या पिलाचे आतडे काही तासांतच कुजते आणि त्यातून काहीच उलगडत नाही.