'कमांडो भरती' नावाची भरती नसते

गावोगावच्या भरती अकॅडम्यांच्या फलकांवर मरून टोपीतला जवान हमखास दिसतो. खाली मोठ्या अक्षरांत 'पॅरा कमांडो'. फलकाला अर्थातच सगळा मार्ग सांगायचा नसतो, फी तेवढी घ्यायची असते.

गैरसमज : पॅरा कमांडोची वेगळी भरती निघते.

लष्कर अशी जाहिरात काढत नाही. जवान व्हायचं तर २०२२पासून वाट अग्निवीर योजनेतून जाते. आता आधी ऑनलाइन परीक्षा होते, मग मैदानी आणि शेवटी वैद्यकीय. 'जीडी'साठी, म्हणजे जनरल ड्युटीसाठी, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. अधिकारी व्हायचं असेल तर एनडीए किंवा सीडीएसची परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत आणि अकादमी.

पॅराचा प्रश्न येतो तो यानंतर. काही जण प्रशिक्षणापासूनच पॅरॅशूट रेजिमेंटमध्ये येतात, बाकीचे आपापल्या रेजिमेंटमधून स्वेच्छेने अर्ज करतात. कसेही आलात तरी प्रोबेशन चुकत नाही. पाठीवर वजन आणि हातात हत्यार घेऊन दहापासून चाळीस किलोमीटरपर्यंतच्या चाली, तुटपुंजी झोप आणि त्याच अवस्थेत डोकं चालवून दाखवायचं. बहुतेक जण इथेच गळतात. गळलेला जवान आपल्या युनिटला परततो आणि त्याची नोकरी पुढे चालू राहते. त्यात नामुष्की कसली?

गैरसमज : सहा फूट उंची आणि पैलवानी अंग हवं.

महाराष्ट्रातल्या उमेदवाराला जीडीसाठी १६८ सेंटीमीटर उंची पुरते. छाती ७७ सेंटीमीटर, फुगवून आणखी ५. लांबच्या चालीत फुगवलेले दंड फारसे कामाला येत नाहीत.

गैरसमज : मरून टोपी म्हणजे कमांडो.

हा सगळ्यात पक्का बसलेला घोटाळा. पॅरॅशूट रेजिमेंटमध्ये दोन प्रकारच्या पलटणी आहेत : पॅरा आणि पॅरा (स्पेशल फोर्सेस). मरून टोपी दोघांची, पण 'बलिदान' बॅज फक्त एसएफचा. छातीवरचे पंख मिळतात ते आग्र्याला पाच उड्या मारल्यावर, त्यातली एक रात्रीची. महेंद्रसिंह धोनीने २०१५ साली त्या पाच उड्या पूर्ण केल्या. तो प्रादेशिक सेनेच्या पॅरा पलटणीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे. कौतुकाची गोष्ट आहे, पण त्याने कोणी एसएफचा कमांडो होत नाही. आणि बेळगावला होतो तो 'कमांडो कोर्स'. तो पूर्ण करणारा आपल्याच पलटणीत परत जातो.

गैरसमज : मराठा लाइट इन्फंट्रीत गेलं की पॅराची वाट बंद.

इतिहास उलटंच सांगतो. ३ मराठाची पुढे २ पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ला पूर्व पाकिस्तानात टांगाइलवर उतरली ती हीच पलटण. २१ मराठाची १९९६मध्ये २१ पॅरा (एसएफ) झाली. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे अधिकारी. नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते.

गैरसमज : एनएसजीत (नॅशनल सिक्युरिटी गार्ड) थेट भरती होते.

होत नाही. काळ्या वेशातले ते जवान लष्कर आणि केंद्रीय पोलीस दलांतून ठरावीक मुदतीसाठी येतात.

मुलींना पायदळ आणि पॅरा एसएफ अजून खुलं नाही. लष्करात अग्निवीर म्हणून त्यांना लष्करी पोलीस दलात जाता येतं.

एक गोष्ट फलकांवर कधीच दिसत नाही. पायदळाच्या प्रत्येक पलटणीची स्वतःची 'घातक' प्लाटून असते. हल्ल्यात पुढे जाणारे निवडक जवान त्यात असतात आणि त्यासाठी रेजिमेंट सोडावी लागत नाही. १९९९मध्ये टायगर हिलवर चढलेले परमवीर चक्र विजेते योगेंद्रसिंह यादव १८ ग्रेनेडियर्सच्या घातक प्लाटूनमधले होते. वय होतं १९.