ई-वाचक

ई-वाचक : ग्रंथ, नियतकालिके इत्यादींचा अंकीय स्वरूपातील मजकूर साठवून तो पटलावर वाचण्यासाठी बनविलेले, हाती धरता येणारे साधन. त्यावरील ग्रंथास ‘ई-पुस्तक’ म्हणतात. ई-पुस्तक संगणकावर किंवा मोबाइलवरही वाचता येते. ई-वाचक मात्र मुख्यतः वाचनासाठीच असतो. ई-पुस्तकाची कल्पना साधनाहून जुनी आहे. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये प्रॉजेक्ट गुटेनबर्ग हा उपक्रम सुरू केला. इलेक्ट्रॉनिक शाईचे पटल असलेला सोनी कंपनीचा ‘लिब्री’ हा वाचक जपानमध्ये २००४ मध्ये, तर ॲमेझॉनचा ‘किंडल’ अमेरिकेत २००७ मध्ये विक्रीस आला. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून मिळू लागली.

रचना व कार्य : ई-वाचकाच्या पटलात सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीचा व्यास साधारणपणे केसाच्या जाडीएवढा असून तीत परस्परविरुद्ध विद्युत्‌भार असलेले पांढरे व काळे कण द्रवात तरंगत असतात. विद्युत्‌क्षेत्राची दिशा बदलताच यांपैकी एका रंगाचे कण पृष्ठभागी येतात व अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकण्यास वीज लागत नाही. ती मुख्यतः पान बदलताना खर्च होते. पटल कागदाप्रमाणे परावर्तित प्रकाशात दिसत असल्याने उन्हातही वाचता येते.

मराठी प्रकाशनव्यवहार : देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा यांमुळे मराठी ई-पुस्तकांपुढे विशेष अडचणी आल्या. अनेक प्रकाशकांचा जुना मजकूर युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळविलेला असल्याने तो रूपांतरित करून पुन्हा तपासावा लागतो. छापील पानांच्या नुसत्या प्रतिमा घेतल्यास अक्षरांचा आकार वाढविल्यावर ओळी नव्याने जुळत नाहीत आणि लहान पटलावर वाचन कष्टाचे होते. ई-पुस्तकाच्या निर्मितीत कागद, छपाई, साठवण व टपाल यांचा खर्च नसतो. परंतु संपादन, मुद्रितशोधन आणि लेखकाचे मानधन यांचा खर्च कायम राहतो. छापील आवृत्ती उपलब्ध असलेल्या ई-पुस्तकांवरील वस्तू व सेवा कर २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे साने गुरुजींचे (१८९९–१९५०) साहित्य २०११ पासून कोणासही प्रसिद्ध करता येते.

वाचनावरील परिणाम : पटल व कागद यांवरील वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, असे आढळले, वेळेचे बंधन असता हा फरक वाढतो. कथात्मक मजकुरात तो दिसला नाही. क्षीण दृष्टीच्या वाचकास अक्षरे मोठी करता येणे हा ई-वाचकाचा मोठा लाभ होय.

सीमावर्ती प्रदेश : पुणे-मुंबईच्या प्रकाशनकेंद्रांपासून दूर असलेल्या भागांत या साधनाचे महत्त्व वेगळे आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा राज्याच्या पूर्व टोकास, नागपूरपासून सु. १३० किमी. अंतरावर आहे. देवरी किंवा सालेकसा येथील वाचकास ई-पुस्तक पुण्यातील वाचकाइतक्याच वेळात मिळू शकते. मात्र त्यासाठी इंटरनेट जोडणी व साधन विकत घेण्याची ऐपत असावी लागते. जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी व गोंडी बोलल्या जातात. या भाषांतील पुस्तकांची मागणी थोडी असल्याने लहान आवृत्तीची छपाई महाग पडते. ई-पुस्तकास किमान प्रतींची अट नसते. मात्र प्रमाण मराठीवर आधारलेली शब्दलेखन-तपासणीची साधने बोलीतील शुद्ध रूपे चुकीची ठरवून बदलण्याचा संभव असतो. म्हणून बोली जाणणाऱ्या मुद्रितशोधकाची गरज येथे अधिकच भासते.

मालकी व जतन : छापील प्रत ग्राहकाच्या मालकीची होते व सार्वजनिक ग्रंथालयातील एकच प्रत अनेक वाचकांच्या हाती फिरते. ई-पुस्तकाच्या बाबतीत ग्राहकास बहुधा केवळ वाचनाचा परवाना मिळतो. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. नंतर कंपनीने क्षमा मागितली. विक्रेत्याच्या परवान्यावर अवलंबून असलेला ग्रंथ पुढील पिढीस मिळेलच, अशी खात्री नसते. यासाठी हक्कमुक्त ग्रंथांच्या अंकीय प्रती सार्वजनिक संस्थांनी खुल्या स्वरूपात सांभाळणे आणि अल्पभाषक साहित्याच्या काही छापील प्रती ग्रंथालयांत ठेवणे, असे दोन्ही मार्ग अवलंबणे आवश्यक ठरते.