कोळी कुठे बसतो?

ऑगस्ट १८३४. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने खरजेच्या रुग्णाच्या कातडीतून सुईच्या टोकावर एक पांढुरका ठिपका काढला आणि जमलेल्या डॉक्टरांपुढे धरला. ठिपका जिवंत होता: खरजेचा कोळी. खरं तर या जीवाचं वर्णन बोनोमोने १६८७ मध्येच फ्रान्चेस्को रेडीला लिहिलेल्या पत्रात केलं होतं. पण पुढे भल्याभल्यांना तो सापडेना, तेव्हा तो नसतोच असं म्हणणारे वाढले. ही मंडळी फोडातलं पाणी आणि पू तपासत होती. मादी फोडात नसतेच. ती त्वचेच्या वरच्या थरात बीळ कोरत पुढे सरकते आणि बिळाच्या टोकाशी बसते. कॉर्सिकातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होतं. त्या सुईने कोळी काढायच्या आणि रेनुचीने ते गावी पाहिलं होतं.

दीडशे वर्षांची ही फजिती आपल्याकडे आजही रोज होते, शेतात आणि दवाखान्यातही.

मिरचीची पानं वळवणारा बोकड्याच घ्या. फुलकिड्यांनी रस शोषला की पानं वरच्या बाजूला वळतात. कोळ्याने शोषला तर कडा खाली वळतात आणि देठ लांबतो. पान हातात घेऊन पाहिलं तर बहुतेक वेळा निदान बांधावरच होतं. पण दुकानात मागणी ‘बोकड्यावर काहीतरी द्या’ अशी असते. कोळी कीटक नव्हे, तो विंचू-गोचिडांच्या कुळातला. त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत. पायरेथ्रॉइड गटातली काही औषधं तर कोळी खाणारे मित्रकोळी मारतात आणि फवारणीनंतर लाल कोळी आधीपेक्षा जोमाने वाढतो. जुनं गंधक मात्र अजून चालतं. पाण्यात मिसळून पिकावर आणि मलमातून खरजेवरही!

कोकणातल्या माडाचं दुखणं आणखी अवघड. भारतात १९९८ च्या सुमारास केरळात नोंदला गेलेला इरिओफाइड कोळी मिलिमीटरच्या पाव भागाएवढा, अळीसारखा लांबट आणि चारच पायांचा. कोवळ्या नारळाच्या देठाशी जी टोपी असते, तिच्या आत तो राहतो. टोपीखालून फिकट त्रिकोणी डाग बाहेर दिसतो, तोवर आत वसाहत जमलेली असते. पुढे साल तपकिरी होऊन तडकते, नारळ लहान राहतो आणि सोलताना जीव काढतो. उंच माडावर फवारा नेला तरी टोपीच्या आत तो नीट पोचत नाही. म्हणून कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन मुळावाटे देण्याची शिफारस झाली. या कोळ्याचा एक शत्रू निसर्गातच आहे. हा शिकारी कोळी इतका चपटा असतो, की तो टोपीच्या फटीतून आत शिरू शकतो. ज्याला आत जाता येतं तोच उपयोगाचा.

गादीतल्या धूळकोळ्याबद्दल थोडक्यात. तो चावत नाही. आपल्या त्वचेचा कोंडा खातो आणि त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी दमा चाळवतो. पाणी तो हवेतल्या दमटपणातून घेतो, त्यामुळे आपला पावसाळा त्याला मानवतो.

जिवावर बेततो तो कोळ्यामुळे होणारा स्क्रब टायफस हा ताप. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात त्याने माणसं दगावली. गवतझुडपांतल्या कोळ्याची सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं चावतात आणि तापाचा जंतू अंगात शिरतो. ते चावणं बहुधा कळतही नाही. काही दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी येते आणि डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या सुरू होतात. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, पण ती अनेकदा काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली असते. रुग्ण लाजेने दाखवत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत कुणी पाहत नाही. अंगभर नजर टाकणं ही फुकटची तपासणी आहे, तरी रक्ताच्या चिठ्ठ्या आधी लिहिल्या जातात, हे मला पटत नाही. नेहमीची पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनची इंजेक्शनं या जंतूवर चालत नाहीत. स्वस्तातलं डॉक्सिसायक्लिन चालतं आणि वेळेत दिलं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. खपली सगळ्यांच्या अंगावर सापडत नाही. म्हणून लक्षणं जुळत असतील तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असं आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.