मालवाहू पिकअप वाहनांचे गंजणे : हिमप्रदेश आणि मराठवाडा

प्रस्तावना :

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू या दोहोंची आवश्यकता असते, हे आपण शालेय पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. तथापि एकाच बनावटीची दोन वाहने एका प्रदेशात वीस वर्षे टिकतात आणि दुसऱ्या प्रदेशात दहा वर्षांतच निकामी होतात, याचे उत्तर केवळ पाण्यात सापडत नाही. ते बहुतांशी क्षारात सापडते. प्रस्तुत लेखात हिमप्रदेशातील अनुभवाच्या आधारे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पिकअप वाहनांच्या टिकाऊपणाचा विचार करण्यात आला आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही; म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असा समज सार्वत्रिक आहे. तो तपासून पाहणे आवश्यक वाटते.

हिमप्रदेशातील अनुभव :

मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. या गुणधर्माचा उपयोग करून अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ साली रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग झाला आणि पुढे ती पद्धत रूढ झाली. रस्ते सुरक्षित झाले, परंतु चाकांनी उडविलेले खारे पाणी वाहनाच्या तळाशी साचू लागले. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा या पिकअपची चेसिस गंजून तिला छिद्रे पडत असल्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०१६ साली या व अन्य दोन मॉडेलांच्या सुमारे १५ लाख वाहनांबाबत कंपनीने न्यायालयीन तडजोड मान्य केली. तिचे मूल्य ३४० कोटी डॉलरपर्यंत सांगितले गेले. चेसिसच्या पोकळ पट्ट्या आतून गंजतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना आत पत्रा संपलेला असतो.

गंजण्याची प्रक्रिया :

गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पृष्ठभागाचा एक भाग धनाग्र होऊन तेथील लोह विरघळते, तर दुसऱ्या भागावर, म्हणजे ऋणाग्रावर, प्राणवायूचे क्षपण होते. क्षारयुक्त पाणी विद्युत्-वाहक असल्याने ही क्रिया वेगवान होते. शिवाय क्लोराइड या क्रियेत संपून जात नाही. एकदा शिरलेले मीठ वर्षानुवर्षे काम करीत राहते. सल्फर डायऑक्साइडने दूषित झालेल्या हवेत सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो, असे व्हर्नन या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखविले. पृष्ठभागावर क्षार असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी शोषून विरघळू लागते; मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांनाच.

मराठवाड्यातील परिस्थिती :

एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी आपल्याकडील हवा इतकी कोरडी असते की उघडा पत्राही फारसा गंजत नाही. म्हणूनच येथील जुन्या जीपगाड्या इतकी वर्षे टिकल्या. परंतु जून ते सप्टेंबर या काळात सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि नेमक्या याच काळात, मृगाच्या तोंडावर, पिकअपच्या हौद्यात खताची पोती चढतात. हिमप्रदेशात क्षार रस्त्यावरून वर येतो. आपल्याकडे तो पोत्यातून खाली सांडतो. फरक एवढाच.

पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात वजनाने जवळजवळ ४७ टक्के क्लोराइड असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एकटा युरिया सुमारे ७३ टक्के आर्द्रतेला आणि एकटे पोटॅश ८४ टक्क्यांना ओलावा धरते. दोन्ही मिसळल्यास मात्र ही मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास येते. फाटक्या पोत्यांतून सांडलेल्या दाण्यांचे असे मिश्रण हौद्याच्या सांध्यांत आपोआप तयार होते. पाणी निघून जाण्याची छिद्रे चिखलाने बुजलेली असतील, तर ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेथेच राहते.

काळ्या मातीचाही येथे विचार केला पाहिजे. चेसिसच्या कोपऱ्यांत आणि मडगार्डच्या आत बसलेला हा चिखल ओलावा दीर्घकाळ धरून ठेवतो. चिखलाखाली प्राणवायू कमी, भोवती अधिक. त्यामुळे चिखलाखालचाच पत्रा धनाग्र होऊन खड्डे पडतात. वरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, हे यातील सर्वांत फसवे. खाऱ्या बोअरच्या पाण्याने धुतल्यास तर क्षारात भरच पडते.

उपाय :

चेसिसला जळके ऑइल लावण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिने काही काळ संरक्षण मिळते, हे नाकारता येत नाही. परंतु ऑइलवर धूळ बसते, रबरी बुश फुगतात आणि चिखल मात्र तसाच राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खताची फेरी झाल्यावर हौदा आधी कोरडा झाडून मग गोड्या पाण्याने धुणे आणि छिद्रे मोकळी ठेवणे, याला ऑइलपेक्षा अधिक मोल आहे. वेल्डिंग केलेल्या जागी रंग व जस्ताचा थर जळून जातो. तेथे त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावावे. कोकणपट्टीतून आणलेले जुने वाहन घेताना पट्ट्यांवर हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. २००५ साली टाटा एस, म्हणजे सर्वांचा ‘छोटा हत्ती’, बाजारात आल्यानंतर अर्धापूरच्या केळीपासून लातूरच्या तुरीपर्यंत अनेक कुटुंबांचा चरितार्थ अशा छोट्या वाहनांवर उभा राहिला. त्यांपैकी अनेकांनी ती कर्ज काढून घेतलेली असतात. आठ वर्षांनंतर मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा हप्ते फेडून वाहन खऱ्या अर्थाने मालकाचे झाले असते आणि कमाईची वर्षे पुढे असतात. तेव्हाच चेसिस दगा देते.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाचा अभ्यास अल्प खर्चात होऊ शकतो. सारख्या आकाराचे मऊ पोलादाचे तुकडे वजन करून जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर ठेवावेत. काही नुसते, काहींवर युरिया-पोटॅशचे मिश्रण, काहींवर काळ्या मातीचा लेप. सप्टेंबरअखेर गंज काढून पुन्हा वजन करावे. त्यासाठी रसायनशास्त्र विभागातील तराजू पुरेसा आहे.