स्मरणरंजन कुणाचे?

'नॉस्टॅल्जिया' या शब्दासाठी मराठीत 'स्मरणरंजन' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द मोठा सूचक आहे. स्मरण करायचे ते मनाच्या रंजनासाठी, असे तो गृहीत धरतो. दलित साहित्याने मात्र प्रारंभापासूनच स्मरण आणि रंजन यांची फारकत केली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचा 'उपरा' १९८० साली. या आठवणी कुणाचे मन रिझविण्यासाठी लिहिल्या गेल्या नव्हत्या. मग ऐंशीच्या दशकातील दूरदर्शनची शीर्षकगीते आणि त्या काळची पॉप गाणी यांच्याविषयी आज जो हळवेपणा सर्वत्र दिसतो, त्याचा विचार आपण कशासाठी करायचा, असा प्रश्न कुणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. ती गाणी आपणही ऐकली आहेत. ते सूर कानी पडले की आपणही क्षणभर थबकतो. भावना खरी आहे, आणि म्हणूनच तिची चिकित्सा झाली पाहिजे.

प्रथम मूळ शब्द पाहू. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या स्विस विद्यार्थ्याने बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात हा शब्द घडविला. ग्रीक भाषेत 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात राहणाऱ्या स्विस तरुणांना जडणाऱ्या एका आजाराचे हे नाव होते. पुढे असे सांगितले जाऊ लागले की, परक्या राजांची चाकरी करणारे स्विस सैनिक आपल्याकडच्या गुराख्यांचे गाणे ऐकले की व्याकूळ होत. म्हणजे मूळ शब्दात रंजन नव्हतेच, होती ती वेदना. गाण्याचा संबंधही जुनाच आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परतण्याची ओढ ज्याला वाटते, त्याला परतण्याजोगे घर आहे, असे हा शब्द धरून चालतो. ज्याचे घरच गावकुसाबाहेर होते, त्याची ओढ कशाची असते?

ऐंशीच्या दशकातील सूर एवढे खोलवर का रुतले, याची कारणे गूढ नाहीत. १५ ऑगस्ट १९८२ पासून दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण रंगीत झाले. १९८४ नंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले आणि जिल्ह्याच्या गावांपर्यंत चित्र पोचू लागले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. १९८६ मध्ये 'बुनियाद' आली, त्याच सुमारास 'मालगुडी डेज'. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' आणि २ ऑक्टोबर १९८८ रोजी 'महाभारत' सुरू झाले. बहुतेक देशाला वाहिनी एकच होती. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकच सूर लक्षावधी घरांतून वाजत असे. माणसाला साधारणतः दहा ते तीस या वयातील आठवणी सर्वांत ठळकपणे राहतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. त्या वयात एखादी छोटी चाल आठवड्यामागून आठवडे, तीही समूहात बसून ऐकली, तर ती पुसली जाणे अवघडच. एवढे कारण सर्वांना सारखेच लागू आहे. ती चाल कुठे उभे राहून ऐकली, हे मात्र सर्वांचे सारखे नाही.

माझे गाव किन्हीराजा. आज ते वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, त्यापूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यातले. नागपूरहून तेव्हाच्या औरंगाबादकडे जाणारा हमरस्ता गावावरून जातो. 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. गावात दूरदर्शन संच मोजके होते. उंच बांबूला अँटेना बांधायची, एकाने बांबू फिरवायचा आणि दुसऱ्याने आतून 'मुंग्या कमी झाल्या' म्हणून ओरडायचे, असा तो काळ. आमच्या वस्तीत एकही संच नव्हता. रविवारी सकाळी आम्ही पोरे ज्या घरी जायचो, तेथे अंगणात बसायला मज्जाव नव्हता. उंबरठा ओलांडायचा नाही, हे कुणी सांगतही नव्हते. ते आम्हाला ठाऊक होते. खिडकीशी पुढे मोठी माणसे असत. त्यांच्या डोक्यांआडून पडदा दिसायचा तो ओंजळीएवढा. म्हणून आमच्या पिढीतील अनेकांना या मालिका डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक ठाऊक आहेत. शीर्षकगीत आम्हाला शब्दाशब्दाने पाठ होते, कारण तेवढेच आमच्यापर्यंत पूर्णपणे पोचत होते. माझी माय विचारायची, "त्या डब्यात आपल्यातलं कोनी दिसते काय रे?" मी काय उत्तर देणार?

मायचा तो प्रश्न अडाणी नव्हता. माध्यमांच्या समाजशास्त्राचा तो पहिला प्रश्न आहे. त्या शीर्षकगीतांचे शब्दच पाहा. 'महाभारत'च्या शीर्षकगीतात गीतेतील श्लोक होता. नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही १९८८ मधील मालिका हेतूने उदारमतवादी होती, पण तिचाही प्रारंभ ऋग्वेदातील नासदीय सूक्ताने होत असे. राष्ट्राचा आवाज म्हणून जो सूर घरोघरी गेला, त्याची भाषा बहुतांशी अशी होती. ज्या वेदाच्या श्रवणाबद्दल स्मृतिकारांनी शूद्राच्या कानांत शिसे ओतायला सांगितले, तो वेद आता यंत्रातून सर्वांच्या कानी पडत होता. याला कुणी लोकशाहीचा विजय म्हणेल, आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. परंतु ऐकण्याची मुभा मिळणे वेगळे आणि बोलण्याचा अधिकार मिळणे वेगळे. त्याच दीड वर्षात महाराष्ट्रात काय चालले होते, हे आठवावे. १९८७ साली शासनाने प्रकाशित केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथातील राम-कृष्णाविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले. ते परिशिष्ट वगळावे म्हणून मोर्चे निघाले, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये त्याच्या समर्थनार्थ दलितांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ सालीच झाला होता, तोही त्या वेळी लोंबकळत पडला होता. रविवारच्या सकाळी यातले काही ऐकू येत नसे.

तरीही हा प्रश्न एकरेषीय नाही. १९८८ मध्ये 'रामायण' संपायला आले तेव्हा जालंधरसारख्या उत्तरेकडील शहरांतील सफाई कामगारांनी संप केला. उत्तरकांडाशिवाय मालिका पूर्ण होत नाही, ते दाखवा, अशी त्यांची मागणी होती. हे कामगार स्वतःला वाल्मीकींचे वंशज मानणारे. आपल्या पूर्वजाचे स्थान पडद्यावर दिसावे, ही त्यांची इच्छा होती. त्याच उत्तरकांडात शंबुकाच्या वधाची कथाही आहे, हा विरोधाभास आपल्याला बोचतो. परंतु त्या संपामागे माझ्या मायचाच प्रश्न होता, हे विसरून चालणार नाही.

आता पॉप संगीताकडे वळू. १९८० साली 'कुर्बानी' चित्रपटातून नाझिया हसन या पाकिस्तानी मुलीचा आवाज घरोघर पोचला आणि १९८१ साली तिचे 'डिस्को दिवाने' आले. संगीतकार बिद्दू मूळचा बंगळुरूचा, लंडनला स्थायिक झालेला. १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला. रस्त्यावर गाणाऱ्या गरीब पोराची ती कथा, त्यामुळे वस्तीतल्या तरुणांना मिथुन आपला वाटला. हे संगीत आमच्याकडे आले ते हमरस्त्याने. ट्रकमधून, रस्त्याकडेच्या हॉटेलांतल्या टेपरेकॉर्डरमधून. पण ते आमच्या वस्तीत शिरले तेव्हा त्याचे रूप बदललेले होते. चाल चित्रपटाची आणि शब्द भीमाचे.

चालीवर शब्द बांधण्याची ही रीत जुनी आहे. १९३० च्या दशकातील आंबेडकरी जलशांनी लोकांना ठाऊक असलेल्या चाली घेतल्या, कारण चाल ओळखीची असली की विचार लवकर पोचतो. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी ही परंपरा गावोगाव नेली. ऐंशीच्या दशकात तिला कॅसेटची जोड मिळाली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली होती. आपल्याकडे ती स्वस्त झाली सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून. तोपर्यंत कुणाचा आवाज टिकवायचा, हे मोठ्या तबकडी-कंपन्या ठरवीत. कॅसेटने ही मक्तेदारी मोडली. तालुक्याच्या गावचा गायकही आपला आवाज विकू लागला. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे याच कॅसेटच्या लाटेवर महाराष्ट्रभर गाजले. मराठी पॉपचा इतिहास लिहायचा तर तो येथून लिहावा लागेल, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेली माणसे ग्रंथांबरोबर कॅसेटही घेऊन येत आणि १४ एप्रिलला त्या कर्ण्यावरून वाजत.

उसन्या चालींवर आपल्या चळवळीत पुष्कळ टीका झाली आहे. स्वतंत्र संस्कृती हवी तर स्वतंत्र चाल का नको, हा आक्षेप रास्त आहे. पण वस्तुस्थितीचे दुसरे अंगही पाहावे. डिस्कोची एखादी जुनी चाल आज कुठे वाजली, तर माझ्या ओठांवर चित्रपटाचे शब्द येत नाहीत, जयंतीचे शब्द येतात. माझ्या पिढीतल्या अनेकांचे असेच होते. म्हणजे प्रस्थापितांच्या चालीवर आपल्या शब्दांनी कब्जा केला. आपल्या स्मरणाचे वेगळेपण येथे आहे.

मात्र धोकाही येथेच आहे. चाल जपली जाते, शब्द जपले जात नाहीत. चित्रपटाचे गाणे कंपन्यांच्या भांडारात सुरक्षित आहे. दूरदर्शनच्या मालिका पुन्हा पुन्हा दाखविल्या जातात. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा प्रसारित झाले. १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. घर असलेले लोक घरात बसून आपले बालपण पाहत होते, आणि त्याच आठवड्यांत घराकडे निघालेले मजूर हमरस्त्यांवरून चालत होते. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. घरी परतण्याची वेदना हा मूळ अर्थ त्या दिवसांत कुणाला लागू होता, हे वेगळे सांगायला नको.

आपल्यातले कुणी डब्यात कधी दिसलेच नाही, असेही नाही. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली ग्रंथरूपाने आली आणि पुढे दूरदर्शनवर 'नाजुका' या नावाने मालिका झाली. २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर डॉ. आंबेडकरांवरील मालिका आली. तिचे शीर्षकगीत प्रल्हाद शिंदे यांचे नातू आदर्श शिंदे यांनी गायले. आजच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते पाठ आहे, आणि त्यांनी ते आपल्या घरात बसून ऐकले आहे. तीस वर्षांनी त्यांना जे आठवेल, ते माझ्यापेक्षा वेगळे असेल. हे मोठे अंतर आहे आणि ते चळवळीने कापले आहे.

पण मधल्या काळाचे काय? ऐंशीच्या दशकातील भीमगीतांच्या कॅसेट आज पेट्यांत, फळ्यांवर, पत्र्याच्या घरांत पडून आहेत. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या संयुगाची भुकटी, डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेली. उष्णता आणि दमट हवा यांनी ते द्रव्य सुटते, भुकटी झडते, बुरशी धरते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली चाळीस वर्षे काढलेल्या फितीवर फार काळ भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना, शिक्षकांना, विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. आपापल्या वस्तीतील कॅसेट शोधा. बुरशी दिसली तर ती फीत यंत्रात घालू नका, जाणकाराकडे न्या. चांगल्या कॅसेट उभ्या ठेवा, ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवा. यंत्राचे हेड पुसून घेऊन गाणे संगणकावर उतरवा. त्याबरोबर गायकाचे नाव, वादकांची नावे, गाव, प्रसंग आणि साल लिहा. कवीचे नाव बहुधा शेवटच्या कडव्यात सापडते, ते टिपल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आपल्याकडे गाणे राहते आणि कवी हरवतो. मूळ चाल कोणत्या चित्रपटाची, तेही नोंदवा. वस्तीतील वृद्ध स्त्रियांना विचारा, कारण कॅसेटवर न आलेले पुष्कळसे त्यांच्या कंठात आहे.

'मालगुडी डेज'ची एल. वैद्यनाथन यांनी बांधलेली धून आजही मला आवडते. ती आवडण्यात कमीपणा नाही. मुलांना ती ऐकवावी, आणि ती आपण कुठून ऐकत होतो, हेही सांगावे. या उन्हाळ्याच्या सुटीत एका शाळेने एका वस्तीतील वीस कॅसेट उतरवल्या, तरी ऐंशीच्या दशकाच्या इतिहासातील एक कोरे पान भरेल.