संकेतार्थाचे राज्य

सुरतेहून भरुचेकडे निघालेली गाडी तापी ओलांडून, उत्राण मागे टाकून कोसाडला येते. कापडाच्या धंद्यापायी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे सुरतेच्या चहूकडे, थेट कोसाडपर्यंत वाढलेल्या वस्तीत स्थायिक झालेली असल्यामुळे, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शेजारचे गुजराती गृहस्थ ‘साल मुबारक’ म्हणत नव्या विक्रम संवताचे स्वागत करतात, तेव्हा समोरच्या दारात मराठी गृहिणी पाडव्याच्या ओवाळणीचे तबक सिद्ध करीत असते आणि तिच्या शकाला पालटण्यासाठी अद्याप चैत्र यावयाचा असतो. एकाच जिन्यावर अशी दोन वर्षे सुखाने नांदतात. काळ घड्याळाने मोजला जातो हे खरेच. परंतु तो रूढीने वाटला जातो आणि क्रियापदांनी बोलला जातो, आणि विज्ञानकथाकारांना मोह पडतो तो या शेवटच्या गोष्टीचा.

बेंजामिन ली व्होर्फ या अमेरिकी भाषाभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, होपी या तेथील मूलनिवासी लोकांच्या भाषेत आपण समजतो त्या अर्थाचा काळच नाही, आणि म्हणून त्यांचा विश्वाचा अनुभवही मुळातून निराळा आहे. पुढे १९८३ साली एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेतील कालवाचक रूपांचा जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध करून या दाव्याचा पाया खिळखिळा केला. कथेला मात्र सिद्धान्ताच्या खरेपणाची गरज नसते. टेड चियांग यांच्या १९९८ च्या ज्या कथेवरून २०१६ साली ‘अरायव्हल’ हा चित्रपट निघाला, तिच्यातील भाषाविदुषी परग्रहवासीयांची लिपी आत्मसात करता करता भविष्यही भूतकाळासारखे स्मरू लागते, आणि पुढे जन्मावयाच्या कन्येशी संवाद करते.

ही कथा मराठीत सांगू म्हटले तर प्रथमच ठेच लागते. आमचा भविष्यकाळ हा निश्चयाचा काळ नव्हेच. ‘तो एव्हाना घरी पोहोचला असेल’ या वाक्यात भविष्याचे रूप घडून गेलेल्या गोष्टीविषयीच्या नुसत्या अंदाजाला राबविले आहे. उलट, ज्याची हमी द्यावयाची ते आपण भूतकाळात टाकतो: चहाची हाक ऐकून यंत्रमागावरचा कारागीर जागचा न हलता ‘आलोच’ म्हणतो, आणि तुटलेला धागा जोडून होईतो तिथेच उभा असतो. तेव्हा अटळ भविष्य पाहणाऱ्या त्या मातेच्या तोंडी ‘तू हसशील’ यापेक्षा ‘तू हसलीस’ हेच अधिक शोभेल, असे माझे मत आहे.

मराठी क्रियापदांच्या या रूपांची शिस्तवार मांडणी ज्यांनी केली, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा सुरतेशी निकटचा संबंध होता, ही गोष्ट सुरतेतील मराठी माणसालाही क्वचितच ठाऊक असते. त्यांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले. पुढे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेवर असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आदी मंडळींसह त्यांनी तेथे मानवधर्मसभा स्थापन केली. क्रियापदांच्या या रूपांपैकी, व्याकरणकार ज्याला संकेतार्थ म्हणतात, ते ‘असे झाले असते, तर तसे झाले असते’ हे रूप मराठी माणसाच्या विशेष आवडीचे आहे, आणि त्याचे सर्वांत हक्काचे स्थान म्हणजे पानिपत.

जयंत नारळीकरांनी नेमके तेच स्थान निवडले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ हे आपलीच आद्याक्षरे उलटी करून योजलेले नाव देऊन कथा पाठविणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाने ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत, पेशवेपुत्र विश्वासरावांना लढाईत लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते एवढाच फरक केला. आणि मराठ्यांचा जय झालेल्या त्या जगात ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या आसपासपुरता आक्रसलेला दाखविला.

हा फरक केवढा होता, हे सुरतेइतके कोठेच दिसत नाही. पानिपतावरील १७६१ च्या संहारानंतर पेशव्यांच्या घरात जी भाऊबंदकी माजली, तिची परिणती १७७५ च्या मार्चमध्ये येथे झालेल्या तहनाम्यात झाली: अडीच हजार फौजेच्या मदतीच्या मोबदल्यात, पेशवेपदासाठी झगडणाऱ्या रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई कंपनीला देऊ केली, आणि वर सुरत व भरूच प्रांतांच्या वसुलातील हिस्साही. विश्वासराव वाचते, तर हा कागद लिहिला गेला असता का? इतिहासाच्या दप्तरात या प्रश्नाला जागा नाही. तो व्याख्यानात विचारावयाचा.

आणि नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत हे व्याख्यानवालेच. पानिपतचा निकाल उलटा लागता तर काय होते, या विषयावरील भाषणाच्या विचारात असतानाच ट्रकची धडक बसून ते त्या दुसऱ्या जगात जातात. भाषणात हे सारे ‘असते’, ‘झाले असते’ या संकेतार्थात गेले असते. नारळीकरांनी मात्र तेथील सारी हकीकत साध्या भूतकाळात सांगितली: पंत गेले, पंतांनी पाहिले, पंतांनी ग्रंथ उघडला. वाचकाला तो मुलूख खरा वाटतो याचे श्रेय, शेवटी पंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे पुंजसिद्धान्ताच्या आधारे जो उलगडा करतात त्याच्यापेक्षा, माझ्या मते, या क्रियापदांकडे अधिक जाते. राजेंद्रांची समजूत पटते ती देखील तिथून खिशात आलेले बखरीचे फाटके पान पंत टेबलावर ठेवतात तेव्हाच. कारण त्या पानावर ‘असते’ कोठेच नाही.